80,000 रुपयांच्या स्कॉलरशिपचा फोन

माझी भाची यंदा बार्शीहून पुण्याला बी.ए. अर्थशास्त्राला आली. नव्या धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी, म्हणजे हॉस्टेल आणि मेसचा खर्चही एक वर्ष जास्त. घरी बेताची शेती. त्यामुळे स्कॉलरशिप म्हटलं की पोरगी कान टवकारणारच.

फोनवर बाई होती, स्वच्छ मराठी बोलणारी. "अभिनंदन, तुमचं इन्स्पायर स्कॉलरशिपला सिलेक्शन झालंय. 80,000 रुपये उद्या खात्यात." भाचीचं पूर्ण नाव, बारावीचे टक्के, दाजींच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा, सगळं तिनं वाचून दाखवलं. अॅडमिशनच्या दिवसांत मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'मोफत स्कॉलरशिप नोंदणी' असा एक गूगल फॉर्म फिरत होता. त्यात भाचीनं मार्कशीट, आधार, दाखला सगळं चढवलं होतं. माहिती तिथूनच गेली असावी.

मग पीडीएफ आली, वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का. फाइल चार्ज 1,499 रुपये. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्या खात्याचं नाही, एका माणसाचं. भाचीनं विचारलं, तर "ते आमचे अकाउंट्सचे सर" असं उत्तर तयार होतं. पैसे गेले. त्यानंतर 'आधार सीडिंग'साठी, म्हणजे आधार खात्याला जोडायला, एक एपीके फाइल आली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं अॅप. ती इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी मागितली गेली, तिनं दिली. संध्याकाळी मेसचे आणि फीच्या दुसऱ्या हप्त्याचे मिळून 23,000 रुपये खात्यातून गेले. ओटीपी तिनं कोणाला सांगितलाच नव्हता. सांगायची गरजच उरली नव्हती.

"मामा, त्यांना माझे टक्केसुद्धा माहीत होते," एवढंच ती परत परत म्हणत होती.

आता गंमत बघा. इन्स्पायर ही योजना खरी आहे आणि 80,000 हा आकडाही खरा. पण ती केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची, मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी आहे. बारावीत आपापल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्यांना मुख्यतः ती मिळते. 80,000 मधले 60,000 विद्यार्थ्याला आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. अर्थशास्त्रवाल्या पोरीला ती मिळायचा प्रश्नच नव्हता. शिवाय तिनं अर्जही केला नव्हता. बाईंनी त्यावर 'ऑनर्सचा नवीन कोटा' काढला!

ती खरोखर बसते ती केंद्राच्या दुसऱ्या योजनेत, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरच्या सेंट्रल सेक्टर स्कीममध्ये. शाखा कुठलीही चालते, बारावीला बोर्डात 80 पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या वीस टक्के मुलांत, हवं, घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. पदवीला वर्षाला 12,000. आकडा लहान आहे, म्हणून त्याच्या नावानं कोणी फोन करत नाही. या पोर्टलवर किंवा आपल्या राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्जाला सरकार फी घेत नाही. कॅफेवाला फॉर्म भरायचे पैसे घेतो ते त्याचे. पण मोबाइल नंबर आणि पासवर्ड आपलाच ठेवा. स्वतःचा नंबर टाकून नंतर अडवून धरणारेही आहेत.

पैसे गेल्याचं कळताच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, मग सायबर पोर्टलवर तक्रार. बँकेनं खातं गोठवलं. थोडी रक्कम पुढच्या खात्यात होल्ड झाली. बाकीची एटीएममधून निघून गेली होती. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, ती पीडीएफ, काही डिलीट करू नका. घाबरून भाची चॅट पुसायला निघाली होती. फोन मात्र रीसेट करायला लागलाच, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घेतलं.

सेंट्रल सेक्टरचा अर्ज आम्ही दोघांनी बसून भरला. सध्या तो कॉलेजच्या लॉगिनला पडताळणीसाठी पडून आहे. क्लार्क मॅडम सोमवारी येतात म्हणे.