सुकेळी की केळीचे वेफर्स?

भुसावळच्या मामेबहिणीचा प्रश्न: पोराच्या डब्यात मधल्या सुट्टीला सुकेळी द्यावी की वेफर्स? दोन्ही आपल्या रावेर-यावलच्या केळीचेच, म्हणून तिला सारखेच वाटतात. पण सगळा फरक तेलाचा आहे.

वेफर्स कच्च्या केळीचे. किसणी थेट कढईवर धरतात, चकत्या कडकडीत तेलात पडतात, वरून मिठाच्या पाण्याचा शिपका. 100 ग्रॅममध्ये 500च्या आसपास कॅलरी, वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा चरबी. पाकिटावर ‘फराळी’ छापलं म्हणून तेल कमी होत नाही.

सुकेळी पिकलेल्या केळीची, नुसती वाळवलेली. ताज्या केळीत सुमारे 75 टक्के पाणी असतं. ते उडालं की पोटॅशियम आणि तंतू एकवटतात. साखरही एकवटते बरं! क जीवनसत्त्व बरंचसं जातं. दाताला चिकटते, म्हणून वर चूळ भरायला लावायची.

वेफर्स गल्लोगल्ली मिळतात, सुकेळी शोधावी लागते. वेफर्स सादळतात, सुकेळीला ओल लागली की बुरशी.

डब्याला, शेतात जाताना, उपासाला सुकेळीच. एका वेळी एक-दोन पुरे. वेफर्स पाहुण्यांना, चहासोबत. मामांना मधुमेह आहे, त्यांनी सुकेळी डॉक्टरांना विचारूनच खावी.