चारच्या चहासोबत काय? मखाणे, फुटाणे, शेंगदाणे आणि बाकीचे

माझ्या धाकट्या जावेला दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर निघाली. आहारतज्ज्ञांनी कर्बोदकं कमी करायला सांगितली आणि जेवणाचं तिनं आठवड्याभरात बसवलंही. तीन पोळ्यांची एक झाली, भात अर्ध्या वाटीवर आला, भाजी दुप्पट. अडलं ते संध्याकाळी चारला. फोन आला, "ताई, मखाणे तर चालतात ना? किती हलके असतात."

आमच्याकडे नवऱ्याच्या साखरेमुळे हे सगळं सहा वर्षांपूर्वीच सुरू झालं. तेव्हा मीही मखाण्यांचा किलोचा पुडा आणला होता, त्याच समजुतीनं. म्हणून तिला जे सांगितलं ते इथे नीट मांडते, चारच्या भुकेपाशी अडलेल्या कोणालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट अशी की 'हलकं' आणि 'कमी कर्बोदकांचं' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मखाणा म्हणजे तळ्यात वाढणाऱ्या एका काटेरी पाणवनस्पतीचं बी. बिहारमध्ये मिथिलेकडे त्याचं मोठं पीक येतं, २०२२ मध्ये मिथिलेच्या मखाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बी तापवून फोडलं की ज्वारीच्या लाहीसारखं फुलतं. फुगतं ते आतलं पिष्ट. म्हणूनच १०० ग्रॅम मखाण्यात जवळजवळ ७७ ग्रॅम कर्बोदकं असतात, पोह्यांत असतात साधारण तेवढीच. तेल नावाला, त्यामुळे 'डाएट'वाल्या पाकिटांत त्याला मान. वजन उतरवताना तेल मोजणाऱ्याला ते सोयीचं असेल, साखर मोजणाऱ्याला नाही.

पण १०० ग्रॅम मखाणे एका बैठकीला कोणी खात नाही. म्हणून मी ओट्यावर वजनकाटा ठेवला आणि आपण खातो तेवढीच वाटी मोजली. मखाण्यांची भरलेली वाटी २० ग्रॅमच्या आसपास भरली, म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं. कुरमुऱ्यांची वाटी १५ ग्रॅम, त्यात ११. फुटाण्यांची चांगली मूठ ३० ग्रॅम, त्यात १७. आणि शेंगदाणे ३० ग्रॅम घेतले तर त्यात फक्त ५, त्यातलाही निम्मा भाग तंतुमय, जो साखर वाढवत नाही.

म्हणजे नुसता आकडा धरला तर फुटाणे सगळ्यांत मागे आणि कुरमुरे त्यांच्या पुढे. इथे मात्र मी आकड्याचं ऐकत नाही. कुरमुऱ्यांच्या वाटीत जेमतेम ग्रॅमभर प्रथिनं, अर्ध्या तासात पोट पुन्हा ओरडतं आणि हात डब्याकडे जातो. फुटाण्यांच्या मुठीत सहा-सात ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर तंतू. ते चावायला वेळ लागतो, साखरही हळूहळू चढते आणि रात्रीच्या जेवणापर्यंत माणूस टिकतो. घ्यायचे ते सालासकट. पंढरपुरी डाळं चिवड्यात छान लागतं, पण साल गेलं की तंतूंचा बराचसा भागही जातो.

मग फुटाणे घ्यायचे का? आधी हे ठरवा की तुम्हाला सांगितलेलं 'कमी' नेमकं किती आहे. दिवसाला १००-१३० ग्रॅम कर्बोदकांची मुभा असेल तर चारच्या चहाला १५-१७ ग्रॅम गेले तरी हिशेब बसतो. जावेचं तसंच आहे, तिला मी फुटाणे सांगितले. कीटोसारखा कडक आहार असेल, दिवसाला २० ते ५० ग्रॅमांचा, तर फुटाणे आणि मखाणे दोन्ही बाहेर. मग शेंगदाण्याकडेच यावं लागतं.

शेंगदाण्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण घरचा म्हणून आपण त्याला गृहीत धरतो आणि महागडी पाकिटं शोधत बसतो. लोखंडी कढईत, मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचे. तडतडायला लागून सालावर काळे ठिपके आले की गॅस बंद करायचा, कढईच्या उष्णतेवर पुढचं आपोआप होतं. गार झाल्यावर सुती फडक्यात चोळले की सालं सुटतात. एखादा दाणा कडू किंवा खवट लागला तर थुंकून टाका, बुरशीची शंका आली तर अख्खा लॉट टाका. दाण्यावरच्या बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.

दाण्याची खरी अडचण म्हणजे हात थांबत नाही. ३० ग्रॅममध्ये १७० कॅलरी असतात. डबा समोर घेऊन मालिका बघत बसलं तर १०० ग्रॅम कधी संपले कळत नाही, आणि मग वजन कमी होत नाही म्हणून आपण आहारालाच दोष देतो. यावर मला सापडलेला चांगला उपाय म्हणजे ओल्या शेंगांच्या दिवसांत मीठ घालून उकडलेल्या शेंगा. सोलत सोलत खाव्या लागतात, त्यामुळे खाणं आपोआप सावकाश होतं. बाकीच्या दिवसांत छोटी वाटी भरून डबा आत ठेवून यायचा.

आणि खमंग काकडी! कमी कर्बोदकांचं म्हणून मुद्दाम काही शोधून काढलं असतं तरी याहून बरं सापडलं नसतं. काकडी चोचवायची, पाणी हलकं पिळायचं, दोन चमचे दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, वरून तुपात जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. मीठ अगदी खाताना घाला, नाहीतर पाणी सुटतं. नेहमीची चिमूटभर साखर तेवढी वगळा, खोबऱ्याची गोडी पुरते. वाटीभर खाल्लं तरी कर्बोदकं सात-आठ ग्रॅमच्या घरात राहतात आणि तोंडाला चवही येते.

सुक्या मेव्याचं थोडक्यात. बदाम आणि अक्रोड उत्तम: ३० ग्रॅम बदामांत सहा-साडेसहा ग्रॅम कर्बोदकं, त्यातली निम्म्याहून अधिक तंतुमय, अक्रोडात तर चारच. काजूत तेवढ्याच वजनाला नऊ आणि तंतू फार कमी, त्यामुळे काजू चार-पाचच. मनुका, खजूर, अंजीर हा साखरेचाच मेवा. खिसा बघून ठरवायचं असेल तर बदाम जे देतो त्यातलं बरंचसं शेंगदाणा खूप कमी पैशांत देतो.

पनीर की अंडं? ५० ग्रॅम पनीरमधून नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, कर्बोदकं एक-दोन ग्रॅम. दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा ग्रॅम प्रथिनं, कर्बोदकं जेमतेम एक, आणि खर्च पनीरपेक्षा कमी. खात असाल तर माझं मत सरळ अंड्याला. सकाळी चार उकडून ठेवली की दोन दिवसांच्या संध्याकाळची सोय होते. अंडं न खाणाऱ्यांनी पनीरचे तुकडे तव्यावर थेंबभर तेलात परतून त्यावर जवसाची किंवा कारळ्याची चटणी भुरभुरावी. चटणीत गूळ घातलेला नसावा, विकतच्या चटणीत बरेचदा असतो.

कोकण-गोव्याकडच्यांना तर काही विकत शोधायलाच नको. सुका जवळा कोरडा भाजून त्यात ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि कोकम घातलं की किसमूर तयार. कर्बोदकं येतात ती कांद्या-खोबऱ्यातून, तीही थोडीच. भाजलेल्या सुक्या बोंबलात तर नसल्यातच जमा. फक्त मीठ खूप असतं. रक्तदाब असेल तर जवळा भिजवून, धुऊन घ्या आणि रोज खाऊ नका.

सहा वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळली. संध्याकाळी माणसाला भुकेपेक्षा कुरकुरीत काहीतरी हवं असतं. आमच्या घरात दोनदा पथ्य मोडलं ते लाडवांमुळे नाही, शेजाऱ्यांकडून आलेल्या चकलीमुळे. भाजणीत तांदूळ आणि डाळी, म्हणजे सगळा पिष्टाचाच मामला. त्या जागी भाजलेले सोयाबीन, भोपळ्याच्या बिया किंवा भाजलेला उडदाचा पापड चालतो. एका मध्यम पापडात सहा-सात ग्रॅम कर्बोदकं असतात. तांदळाचा, पोह्याचा किंवा साबुदाण्याचा पापड त्यात धरू नका. बियांमध्ये भरपूर कढीपत्ता आणि हिंग घालून परतलं तर चिवड्याची आठवण भागते.

'शुगर फ्री' बिस्किटांनी मला एकदा चांगलंच फसवलं. पुड्यावर मोठ्या अक्षरांत तेवढंच लिहिलेलं, आणि मागे घटकांत पहिला शब्द मैदा. नवऱ्यानं विश्वासानं चार खाल्ली आणि दोन तासांनी साखर तपासली तर नेहमीपेक्षा बरीच वर. तेव्हापासून पुढची बाजू मी वाचतच नाही. मागचे घटक बघते, आणि १०० ग्रॅममागे कर्बोदकं किती ते. तिथे ५०-६० लिहिलेलं असेल तर पुढे 'कीटो' लिहिलं असलं तरी पुडा परत फडताळात. माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ते पिष्टापासूनच केलेलं असतं आणि साखर झटकन चढवतं. माल्टिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेल्या मिठायाही साखर थोडीफार वाढवतातच, वर पोट बिघडवतात ते वेगळं.

जावेला मी एक गोष्ट दोनदा बजावून सांगितली, ती इथेही लिहिते. इन्सुलिन चालू असेल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी असेल, तर डॉक्टरांना न विचारता कर्बोदकं एकदम तोडू नका. औषध तेवढंच राहून खाणं कमी झालं की साखर धोकादायक खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात. अशा वेळी दाणे किंवा पनीर उपयोगाचं नाही, तीन-चार चमचे साखर पाण्यात घालूनच प्यावी लागते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळीवर असताना कडक कीटो करणं वेगळ्या कारणानं धोक्याचं, त्यात रक्तात आम्ल वाढू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची हेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता उपवास. तिचा गुरुवार असतो, आणि तिची भीती अशी की उपवासात साबुदाण्याशिवाय आहे काय. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७ ग्रॅमच्या पुढे कर्बोदकं, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीतले दाणे चांगले, पण बशीभर साबुदाण्यापुढे त्यांचं काय चालणार? त्या दिवशी खमंग काकडी आहे, दाण्याची आमटी आहे (गूळ न घालता आणि भगरीशिवाय वाटीतून प्यायची), घट्ट दही आहे, ओल्या खोबऱ्याचे काप आहेत, पनीर चालत असेल तर तेही. राजगिऱ्याचा लाडू नको, त्यात गूळ असतो.

आणि इतकं सगळं ठरवून झाल्यावर मी तिला विचारलं, चहात साखर किती? "दोनच चमचे," म्हणाली. दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम, आणि असे दिवसाचे तीन कप. मखाण्यांच्या जवळजवळ दोन वाट्या तिथेच झाल्या. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जायचं असं ठरलंय. या गुरुवारी ती दीड चमच्यावर आहे. सोबत तीस ग्रॅम दाणे, आणि वजनकाटा मी माझाच देऊन आलेय.