पाच पावसाळे सोबत राहिलेला फ्लूक ७८९ प्रोसेसमीटर

पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस उपकरणे दुरुस्त करण्यात जातो आणि उरलेला अर्धा, दोष नेमका कोणाच्या हद्दीत आहे हे सिद्ध करण्यात. टाकीवर ट्रान्समीटर (पातळी मोजून तिचा आकडा करंटच्या रूपात पाठवणारे उपकरण) बसवणारा ठेकेदार एक, केबल ओढणारा दुसरा, पॅनल आणि पीएलसी (आकडा वाचून पंप चालू-बंद करणारा छोटा संगणक) सांभाळणारा तिसरा. आकडा चुकला की तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात आणि खालच्या वाड्यावरचे नळ तोवर कोरडे राहतात. फ्लूक कंपनीचा ७८९ हा प्रोसेसमीटर गेले पाच पावसाळे माझ्या पिशवीत आहे. त्याविषयी लिहिताना मी त्याला प्रामुख्याने याच एका कसोटीवर तपासले आहे: भांडण मिटवायला तो किती उपयोगी पडतो?

दिसायला हा जाडजूड मल्टिमीटर आहे. व्होल्टेज, रोध, फ्रिक्वेन्सी, सातत्य हे सगळे तो मोजतो, पण तेवढ्यासाठी कोणी एवढे पैसे मोजू नयेत. त्याची खरी किंमत लूपच्या, म्हणजे ट्रान्समीटर, केबल आणि पॅनल मिळून होणाऱ्या करंटच्या मंडलाच्या, कामात आहे. आमच्याकडे पातळी, दाब, प्रवाह, गढूळपणा, पाण्यातील उर्वरित क्लोरीन असे जवळजवळ प्रत्येक मोजमाप ४ ते २० मिलिअँपच्या करंटच्या रूपाने पॅनलपर्यंत पोहोचते. टाकी रिकामी असेल तर ४, भरलेली असेल तर २०, आणि अर्धी असेल तर १२. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून केल्यामुळे, तार तुटली तर करंट शून्यावर येतो आणि ‘टाकी रिकामी’ व ‘तार तुटली’ या दोन गोष्टींची गल्लत होत नाही. ७८९ हा करंट मोजतो, स्वतः तयार करून देतो, ट्रान्समीटरचे सोंग घेऊन लूपमध्ये बसतो, आणि गरज पडली तर २४ व्होल्टचा पुरवठा देऊन ट्रान्समीटर चालवतोही. पूर्वी या चार कामांसाठी मी मल्टिमीटर, कॅलिब्रेटर आणि दोन बॅटऱ्या जोडून केलेला एक घरगुती सप्लाय अशी तीन ओझी वाहत असे.

गोव्यात या कामात टाकीतल्या पातळीइतके महत्त्व दुसऱ्या कशाला नाही. ओपा, अस्नोडा, साळावली, चांदेल, दाबोस, पडोसे अशा प्रकल्पांत शुद्ध झालेले पाणी सड्यांवरच्या आणि टेकड्यांवरच्या टाक्यांत चढवायचे आणि तिथून उतारानेच गावांत सोडायचे, अशी आपल्याकडची रचना आहे. टाकीतील आकडा खोटा ठरला की एकतर पाणी डोंगरावरून वाहून जाते, नाहीतर पंप बंद राहून गाव कोरडा पडतो. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उघड्या सड्यावर उभी असलेली जंक्शन बॉक्स, म्हणजे केबल जोडण्याची पेटी.

आषाढातील एका रात्री पंपघरातून फोन आला. ऑपरेटर काका माझ्याहून वयाने मोठे, उगाच घाबरणारे नव्हेत. “अहो, पॅनलवर चार मीटर दहा दाखवतंय, म्हणून पंप आपोआप बंद झालाय, आणि खालून फोनावर फोन येतायत की नळाला थेंब नाही. मी काय करू, हाताने चालू करू?” मी त्यांना पंप हस्तचालित करून अर्धा तास चालवायला सांगितले आणि निघालो. टाकी पाच मीटर खोल आहे, ४.१० मीटर म्हणजे १७.१२ मिलिअँप. पॅनलच्या टर्मिनलवर ७८९ मालिकेत जोडला तर आकडा तंतोतंत तोच आला. पॅनलची देखभाल पाहणारा तरुण तिथे होताच, त्याने लगेच निकाल दिला, “बघा सर, आमचं बरोबर आहे. ट्रान्समीटर बदला.” त्याच्या बाजूने पाहिले तर तो खोटे बोलत नव्हता.

पंप थांबवून वर टाकीवर गेलो, झाकण उघडून टेप सोडली. पाणी दोन मीटर. टाकीच्या जंक्शन बॉक्समध्ये ट्रान्समीटरची तार सोडवून त्यात मीटर घातला, तर १०.४० मिलिअँप. दोन मीटरला हिशेबाने हेच यायला हवे. म्हणजे ट्रान्समीटरही बरोबर, पॅनलही बरोबर, आणि वाटेत सहा-सात मिलिअँप कुठून तरी आगंतुकासारखे लूपमध्ये शिरलेले. इथे साधा मल्टिमीटर असता तर माझे काम अंदाजावर आले असते. मी ट्रान्समीटर पूर्ण सोडवला, ७८९ सिम्युलेट मोडमध्ये त्याच्या जागी बसवला, १२ मिलिअँप लावले आणि काकांना फोन करून पॅनल वाचायला सांगितले. अडीच मीटर यायला हवे होते. त्यांनी साडेचारच्या वर सांगितले. मग मीटरही काढून टाकला. आता तारा मोकळ्या, पॅनलवर ‘सिग्नल नाही’ असा इशारा यायला हवा, तरी काका म्हणाले, “जवळजवळ एक मीटर पाणी दाखवतंय हो!” कशालाही न जोडलेली केबल टाकीत मीटरभर पाणी असल्याचे सांगत होती.

डोंगराच्या पायथ्याशी वॉल्व चेंबरजवळ आणखी एक जंक्शन बॉक्स आहे. ट्रान्समीटर पुन्हा जोडून तिथे टाकीकडच्या बाजूला मोजले तर १०.४०, पॅनलकडच्या बाजूला मोजले तर १७ च्या पुढे. बॉक्सचे झाकण काढल्यावर आतून उबट, आंबट वास आला. केबल वरून आत घेतलेली, ग्लँडचे (केबल आत घेण्याच्या तोंडावरच्या बुचाचे) रबर वाळून फाटलेले, आणि धन व ऋण टर्मिनलांच्या मधोमध हिरवट चिकट थर बसलेला. त्या थरातूनच करंट परस्पर वाहत होता आणि पॅनलला तो पाण्याचा वाटत होता. टर्मिनल बदलली, तारांची टोके कापून त्यांवर नवीन फेरूल (धातूच्या टोप्या) बसवले, केबल खालून आत घेतली, सिलिका जेलची पुडी ठेवली. त्या बॉक्सचा ठेकेदार कोण हे पुढच्या आठवड्यात कागदावर शोधले गेले आणि तो भाग मी इथे सोडून देतो. सांगायचे एवढेच, की ट्रान्समीटरची नवी मागणी त्या रात्री टळली, आणि ती टळली ती सिम्युलेट मोडमुळे.

एक कबुली इथेच दिलेली बरी. करंट मोजायचा तर लूप तोडावाच लागतो, आणि पहिल्या वर्षी मी तो पंप हस्तचालित न करता तोडला. पीएलसीला क्षणभर शून्य करंट दिसला, त्याने संपटाकी (पंप जिथून पाणी उचलतो ती टाकी) रिकामी समजून पंप बंद पाडला, आणि पुन्हा चालू करण्यापूर्वीच्या सगळ्या सोपस्कारांत सकाळचा पुरवठा उशिरा गेला. दोष मीटरचा नाही, घाई माझी. पण ज्यांना दिवसातून दहा लूप नुसते वाचायचे असतात त्यांनी तार न तोडता वरून पकडून मोजणारा मिलिअँप क्लॅम्प वेगळा घ्यावा. ७८९ ते काम करत नाही. अनेक दाब ट्रान्समीटरांवर ‘टेस्ट’ अशी दोन टर्मिनल असतात, तिथे मात्र लूप न तोडता याच मीटरने करंट वाचता येतो.

कार्यशाळेतील टेबलावर मी सर्वाधिक वापरतो तो २४ व्होल्टचा लूप सप्लाय. दुरुस्त होऊन आलेला किंवा विजेच्या कडकडाटानंतर संशयास्पद ठरलेला दाब ट्रान्समीटर दोन तारांनी मीटरला जोडायचा, हातपंपाने दाब द्यायचा, आणि एकाच पडद्यावर करंट वाचायचा. ० ते १० किलो दाबाचा ट्रान्समीटर असेल तर ०, २.५, ५, ७.५ आणि १० किलोला अनुक्रमे ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँप आले पाहिजेत. चढताना घेतलेले आकडे उतरताना पुन्हा घ्यायचे. हार्ट पद्धतीच्या (त्याच दोन तारांवरून डिजिटल माहितीही देणाऱ्या) ट्रान्समीटरशी बोलण्यासाठी लूपमध्ये २५० ओहमचा रोध लागतो आणि तो नेमका साइटवर सापडत नाही. या मीटरमध्ये तो आतच आहे, निवडला की झाले. मात्र मीटर स्वतः हार्ट बोलत नाही. रेंज बदलायची किंवा टॅग वाचायचा तर हार्ट कम्युनिकेटर हवाच.

स्वतः करंट तयार करून देणाऱ्या सोर्स मोडविषयी फार लिहिण्यासारखे नाही, तो आपले काम निमूट करतो. क्लोरीनच्या डोसिंग पंपाला किंवा कंट्रोल वॉल्वला थेट करंट द्यायचा आणि तो किती हलतो ते पाहायचे. ० आणि १०० टक्क्यांसाठी स्वतंत्र बटण आहे, २५ टक्क्यांच्या पायऱ्या आहेत, आणि पायऱ्या आपोआप चढणारी सोयही आहे. ही शेवटची सोय एकट्याने काम करणाऱ्याला मोलाची: मीटर पॅनलपाशी ठेवून स्वतः वॉल्वपाशी जाऊन उभे राहता येते. नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर उर्वरित क्लोरीन राहिले पाहिजे असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. डोसिंग पंप अर्ध्या सिग्नलला अर्धा चालतो की नाही हे ठाऊक नसेल तर ती जबाबदारी नुसत्या नशिबावर सोडल्यासारखी होते.

अचूकतेबद्दल कंपनी मिलिअँप मोजण्यासाठी वाचनाच्या ०.०५ टक्के अधिक शेवटच्या अंकाचे दोन एवढी चूक मान्य करते. १२ मिलिअँपला ही चूक ०.००८ मिलिअँप होते, म्हणजे आमच्या पाच मीटरच्या टाकीत अडीच मिलिमीटर. पाण्यावर उठणारी लाट त्याहून मोठी असते. आमच्या कामाला एवढे पुष्कळ झाले.

तक्रारीची जागा म्हणजे बॅटरी. चार एए सेल लागतात. नुसते मोजत राहिले तर ते सुमारे १४० तास पुरतात असे माहितीपत्रक म्हणते, पण १२ मिलिअँप सोर्स करत राहिले तर अवघे १० तास. माझा अनुभव याहून वेगळा नाही. कागदावर हे वाचलेले असूनही पहिल्या दोन वर्षांत मी तीनदा टेकडीवर जाऊन मुक्या मीटरसह परत आलो. आता पिशवीत चार अल्कलाइन सेल कायम वेगळे ठेवतो आणि पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा सेलचे झाकण उघडून पाहतो, कारण ओलाव्यात सेल गळला तर स्प्रिंगवर बसलेला पांढरा थर काढता काढता नाकी नऊ येतात. झाकण बाहेरूनच उघडते, मीटर खोलावा लागत नाही.

फ्यूजबद्दल मात्र कडक शब्दांत लिहिले पाहिजे. एका नव्या मुलाने लीड करंटच्या सॉकेटमध्ये असतानाच मोटरच्या ४१५ व्होल्टच्या फेजा तपासायला घेतल्या. फ्यूजने आपले काम केले, मुलाच्या हाताला काही झाले नाही, मीटरही वाचला. आत ४४० मिलिअँप, १००० व्होल्टचा फ्यूज असतो. तो बदलायला बाजारात गेलो तर दुकानदाराने रेडिओत घालतात तसला काचेचा फ्यूज पुढे केला आणि “करंट तेवढाच आहे हो, बसतो,” असे वर ऐकवले. बसत असेलही, पण एवढ्या व्होल्टेजवर काचेचा फ्यूज तुटल्यावरही आतली ठिणगी विझत नाही आणि मीटर हातातच फुटू शकतो. खरा फ्यूज महाग आहे आणि मागवल्यावर यायला वेळ लागतो, म्हणून मीटर घेतानाच दोन जास्तीचे मागवून ठेवावेत. मीटरला १००० व्होल्ट कॅट थ्री आणि ६०० व्होल्ट कॅट फोर असे विद्युत सुरक्षेचे मानांकन आहे, ते योग्य फ्यूज आत असेपर्यंतच खरे.

काय नाही तेही सांगतो. आरटीडी किंवा थर्मोकपल या तापमानाच्या संवेदकांचे सोंग तो घेत नाही; पाण्याच्या कामात ते क्वचित लागते, साखर कारखान्यातल्या मित्रांना रोज लागेल. वजन जाणवते, शिडी चढताना पट्टा खांद्यावर असला तरी कमरेवर आपटतो. वर्षातून एकदा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे कॅलिब्रेशनला पाठवावा लागतो, आणि आमचा एकदा पाच आठवडे परतला नव्हता. तो मी आता चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर पाठवतो; चवथीच्या दिवसांत घराघरांत पाण्याची मागणी वाढलेली असते, तेव्हा तो हाताशी नसणे परवडत नाही.

एकट्याने घरगुती वायरिंग करणाऱ्याने हा घेऊ नये, पैसे वाया जातील. ज्या प्रकल्पात दहापेक्षा जास्त लूप आहेत तिथे मात्र एक हवाच. मागणीपत्र लिहिताना नुसते ‘प्रोसेस मल्टिमीटर’ असे लिहू नका. याच घराण्यातला ७८७ दिसायला जवळजवळ असाच आहे आणि स्वस्तही आहे, पण त्यात २४ व्होल्टचा लूप सप्लाय नाही, आणि सर्वात कमी दराची निविदा भरणारा पुरवठादार तोच आणून ठेवेल. ‘आतच २४ व्होल्ट लूप सप्लाय आणि हार्टसाठी २५० ओहम रोध असलेला’ हे शब्द मागणीपत्रात जसेच्या तसे घालावेत, आणि त्याच ओळीत जास्तीचे दोन फ्यूज.