अरोरा ईव्ही-आयसीडी: शिरेत तार नाही, तरी शॉकआधी पेसिंग

शुद्धीत असताना 40 जूलचा शॉक बसलेला रुग्ण पुढे कित्येक दिवस जिना चढायलाही बिचकतो. म्हणून कोणतीही आयसीडी, म्हणजे हृदयाची घातक लय शॉकने थांबवणारं शरीरात बसवलेलं यंत्र, तपासताना पहिला प्रश्न हाच, की शॉक टाळायला ती काय करते?

मेडट्रॉनिकच्या अरोरात त्यासाठी एटीपी, म्हणजे वेगवान पेसिंग (विजेच्या हलक्या ठोक्यांनी हृदय चालवणं) आहे. जुन्या हार्ट अटॅकच्या व्रणाभोवती विद्युतलहर गरगर फिरत राहिली की व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची घातक जलद लय, सुरू होतो. वेग मिनिटाला 200 असेल, तर दोन ठोक्यांत 300 मिलिसेकंदांचं अंतर. त्याच्या 88 टक्के, म्हणजे 264 मिलिसेकंदांवर लागोपाठ 8 ठोके दिले, की लहरीला पुढचा स्नायू आधीच उत्तेजित झालेला सापडतो आणि ती विझते. हृदयातली तार वापरून याच पद्धतीने 2004 च्या पेनफ्री आरएक्स 2 चाचणीत वेगवान व्हीटीचे सुमारे 72 टक्के प्रसंग थांबले. व्हीएफमध्ये, म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरत असताना, मात्र शॉकच लागतो.

त्वचेखालच्या एस-आयसीडीत एटीपी नाही आणि शॉक 80 जूलचा. अरोराची तार छातीच्या मधल्या हाडामागून जाते, 33 घनसेंटिमीटरचा यंत्राचा डबा डाव्या काखेखाली बसतो. शिरा आणि हृदय मोकळे राहतात, ही मोठीच गोष्ट. शिरेतली तार खराब झाली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तर ती काढणं जोखमीचं असतं.

आता उणी बाजू. 2022 च्या मुख्य चाचणीत एटीपीचं यश 50.8 टक्केच होतं. तार हृदयाबाहेर असल्याने जास्त व्होल्टेज लागतं, काहींना ते छातीत जाणवतं. आणि ठोके हृदयाने पकडलेच नाहीत तर आठही वाया. डिस्चार्जआधी पेसिंगची पकड तपासली का, रुग्णाला ते सोसवतं का आणि एटीपी चालू ठेवलंय का, हे तिन्ही विचाराच. शिवाय 299 पैकी 29 जणांना विनाकारण शॉक बसले. सर्वात जास्त आढळलेलं कारण, यंत्राने पी-लहर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विद्युत खूण) ठोका म्हणून मोजणं. त्यामुळे बसवताना तारेची जागा ठरवण्यात घाई नको.

तरुण रुग्ण, डायलिसिसवरचे, शिरा बंद झालेले यांच्यासाठी आम्ही अरोरा सुचवू. छातीचं हाड उघडून बायपास झालेल्यांना आणि कायम पेसिंग किंवा सीआरटी (दोन्ही खालच्या कप्प्यांचे ठोके जुळवणारं पेसिंग) लागणाऱ्यांना नाही. वारंवार व्हीटी होणाऱ्यांना अजूनही शिरेतलीच आयसीडी बरी.