शार्लट मेसन पद्धत, चौदा महिने वापरून

मागच्या जूनमध्ये मुलांना शाळेतून काढलं. लेक तेव्हा आठ वर्षांची, मुलगा पाच पूर्ण. आम्ही पुण्यात राहतो, सासर अहिल्यानगरचं, घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म. होमस्कूलिंग करायचं तर श्रद्धेला धरून करायचं, एवढं ठरलेलं होतं. शोधता शोधता शार्लट मेसन सापडल्या आणि मी पार भारावून गेले. तो भर आता ओसरलाय, म्हणून लिहायला बसलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेसनबाई इंग्लंडच्या, 1842 ते 1923. अँबलसाइड या गावी 1892 साली त्यांनी मुलांना शिकवणाऱ्या बायकांसाठी विद्यालय काढलं. अँग्लिकन पंथाच्या, भक्कम श्रद्धेच्या. मूल म्हणजे रिकामं मडकं नव्हे, जन्मतःच पूर्ण माणूस, हा त्यांच्या विचाराचा पाया. धडे लहान, धाकट्यांना पंधरा-वीस मिनिटांचे. पुस्तकं रसाळ, एका माणसाने जीव ओतून लिहिलेली. उतारा एकदाच वाचायचा आणि मुलाने तो लगेच स्वतःच्या शब्दांत परत सांगायचा. शिवाय निसर्गवही, चित्रं पाहणं, स्तोत्रं गाणं, बायबल. शिक्षणावरच्या त्यांच्या लेखनाचे मूळ सहाही खंड आता स्वामित्वहक्काबाहेर आहेत, नेटवर फुकट मिळतात. खर्च होतो तो पुस्तकांवर. पहिल्याच महिन्यात इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांवर मी नऊ हजार घातले. त्यातली निम्मी अजून कोरी आहेत.

पहिले तीन महिने मी या पद्धतीची पुस्तकांची नि विषयांची यादी शब्दशः पाळली. निसर्गवहीत इंग्लंडची रानफुलं नि लाल छातीचा रॉबिन, बाहेर मुठेला पूर. (रॉबिन आपल्याकडेही असतो, चिरक म्हणतात त्याला, पण त्याची लाली छातीवर नसते, शेपटीखाली असते. हे मला लेकीने दाखवलं.) रोज चार-सहा तास मुलांनी उघड्यावर असावं, असं बाई सांगतात. इंग्लंडच्या उन्हात ठीक आहे, पुण्याच्या मे महिन्यात पोरं करपतील. आम्ही सकाळी साडेसहा ते साडेआठ टेकडीवर जातो. ऑगस्टमध्ये शेवाळ आणि गोगलगायी, फेब्रुवारीत काटेसावर, एप्रिलअखेर बहावा. तांबटाचं टुकटुक ऐकू आलं की मुलगा थांबून मोजतो. एका दमात सदतीस, हा आजवरचा विक्रम. बाईंनी सांगितलेला हा भाग जसाच्या तसा लागू पडतो, फक्त फुलांची नावं आपली हवीत.

परत सांगणं हा या पद्धतीचा कणा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. सुरुवातीला लेक रडायची. 'पुन्हा वाच ना.' नाही, एकदाच. दिवाळीपर्यंत हाच तमाशा. मग कधीतरी गाडी सुटली. आता ती पाच मिनिटं सलग बोलते, मराठीत, आणि मला न दिसलेल्या गोष्टी सांगते. मराठीत मुद्दाम लिहिलं, कारण इंग्रजीत सांगायला लावलं तेव्हा ती पुस्तकातलीच वाक्यं परतवायची. भाषा बदलली आणि गोष्ट तिची झाली. माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा बदल कुठला विचाराल तर हाच.

पण याच गोष्टीने बायबलचा घात केला, तोही माझ्याच हातून. मेसनबाई बायबलचा उताराही वाचून परत सांगायला लावतात. मी लावलं. वादळ शांत करण्याची गोष्ट वाचली. मुलगा म्हणाला, 'येशूने वाऱ्याला दटावलं, आजी मांजराला दटावते तसं.' मी म्हटलं, 'तसं नाही, नीट सांग. शिष्य काय म्हणाले ते राहिलं.' तो गप्प. दुसऱ्या दिवशी बायबल काढलं की टेबलाखाली. आठवडाभर हेच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातून बघत होत्या. म्हणाल्या, 'अगं, तो सांगत होता ते बरोबरच होतं की. तू काय तपासत बसलीस?'

तेव्हापासून सकाळच्या वेळापत्रकातून बायबल काढून टाकलं. आमच्याकडे संध्याकाळची घरची उपासना पिढ्यांपासून आहे, तेच खरं. आई वाचतात, कुणी काही परत सांगत नाही, कुणाला बोलावंसं वाटलं तर बोलतो. मांजर परत गोष्टीत आलंय. स्तोत्रांचंही तेच झालं. यादीतली इंग्रजी स्तोत्रं पियानोच्या चालीवर गाताना मुलांचे चेहरे मास्तरांसमोर बसल्यासारखे व्हायचे. आता रेव्हरंड टिळकांची पदं गातो. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण कान अभंगाचेच राहिले. टाळ वाजवायचं काम मुलाकडे आहे, आणि ताल चुकला तरी टाळ सोडत नाही.

बाईंच्या मते एका सत्रात एकाच चित्रकाराची पाच-सहा चित्रं, निवांत, एकेक करून पाहायची. ही कल्पना सुंदर आहे. आम्ही आंजेलो दा फोन्सेका घेतला. मूळचा गोव्याचा, पण आयुष्य काढलं पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. त्याची मरिया साडी नेसते. लेक बराच वेळ बघून म्हणाली, 'ही आपल्या चर्चमध्ये असती तर कुठल्या बाकावर बसली असती?' अशा प्रश्नाला उत्तर नसतं, आणि तो अभ्यासक्रमातही कुणी घालू शकत नाही.

सुलेखनाला ख्रिस्तपुराणातल्या, म्हणजे फादर स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ख्रिस्तकथेतल्या, मराठीच्या स्तुतीच्या ओव्या. फादर स्टीफन्स इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये हे पुराण छापलं, तेही रोमन लिपीत. मेसनबाई इंग्लंडच्या, फादरही इंग्लंडचे. एकाने आमची भाषा घेतली, दुसरीची पद्धत आम्ही घेतली. हिशोब फिटला म्हणायचं. जुनी मराठी मुलांना कळत नाही, मलाही अर्धीच कळते. मोगरीची ओवी लिहिताना लेकीने घरभर मोगऱ्याची फुलं मागितली, ती मिळाली, झालं.

आता तक्रारी. गणित या पद्धतीवर सोडू नका. आम्ही बालभारतीचं पुस्तक घेतलं, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळते, आणि रोज अर्धा तास मुकाट्याने करतो. मराठीत 'रसाळ' इतिहास-विज्ञान लहान मुलांसाठी शोधताना दमछाक होते. आणि आईचा दिवस जातो, सगळा. मेसनबाईंना स्वतःचं मूल नव्हतं, हे मी अधूनमधून, विशेषतः दुपारी दोनला, आठवते. माझी अर्धवेळ नोकरी सुटली. नवरा पंधरवड्यातून एकदा टेकडीवर येतो आणि फोटो मात्र त्याचेच असतात.

नातेवाईक विचारतात, दहावीचं काय? एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून, वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं, एवढं सांगून मी चहा टाकते.

कुणी घ्यावी ही पद्धत? ज्यांना यादी फाडायची हिंमत आहे त्यांनी. लहान धडे, एकदाच वाचन, परत सांगणं आणि वही घेऊन बाहेर पडणं, एवढं ठेवा. बाकीचं आपापल्या घरातून येऊ द्या. श्रद्धेचा भाग तर मुळीच उसना आणू नका, निदान आमच्याकडे तो आजीच्या खुर्चीपाशी आधीपासून होता.

लेकीने पाचवीपासून शाळेत जायचं म्हणून हट्ट धरलाय. मैत्रिणी हव्यात तिला. फॉर्म आणून ठेवलाय. धाकटा घरीच राहणार. मी जरा हिरमुसले तेव्हा तिने समजूत घातली, 'शाळेत काय झालं ते मी रोज तुला सांगीन. पण एकदाच सांगीन हं, नीट ऐकायचं.'