करंज लावून अडीच वर्षं: झाड खरं, पिशवी खोटी

गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ च्या त्या अवकाळी पावसात, आमचा दारचा करंज एका रात्रीत मुळासकट आडवा झाला. तेव्हाच लिहिणार होते, पण राग निवू दिला. राग करंजावर नव्हता. ज्या पिशवीतून तो घरी आला, त्या पिशवीवर होता.

घर म्हसवडजवळच्या माळावर. वर मुरूम, खाली चुनखड, आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला याच्या दहापट कोसळतो, पण घाट ओलांडून आमच्या माणदेशात येईतो ढग रिकामे झालेले असतात. अशा जागी अंगणात सावली हवी होती. शेजारी गुलमोहर आहे. दिसतो देखणा, पण मूळचा मादागास्करचा, आणि ऐन उन्हाळ्यात, सावली हवी तेव्हाच, फांद्या उघड्या. करंज फाल्गुनाच्या सुमाराला पानं गाळतो आणि लगेच नवी पालवी काढतो. वैशाखात झाड भरलेलं असतं. म्हणून करंज.

२०२३ च्या जूनमध्ये नर्सरीतून सहा फुटी रोप आणलं, साडेतीनशे रुपयांना. टेम्पोचे दोनशे. लोखंडी जाळीचे नऊशे. बुडाशी पुरायला माठ दीडशेचा. त्याच दिवशी आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जुन्या रस्त्याकडच्या झाडाखालच्या शेंगा फोडून चार बिया रात्रभर भिजवल्या आणि गोठ्यामागं टोचल्या. मी म्हटलं, कशाला, रोप आणलंय की. ते म्हणाले, "बी भुईत घाल, पुढचं त्येचं त्ये बघतंय." पंधरा दिवसांत दोन उगवल्या. एक कोंबड्यांनी उकरली, एक राहिली.

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि पुढचा उन्हाळा टँकरवर गेला. दारच्या झाडाचा माठ मी चार दिवसांनी भरायचे, दहा लिटर. गोठ्यामागच्याला आठवड्यातून एकदा तांदूळ-भाजी धुतलेलं बादलीभर पाणी. सावत्रपणा करतेय असं वाटायचं.

मग पानांवर फोड आले. हिरवे, टपोरे, एका पानावर वीस-पंचवीस. सहा महिने मला दुसरं काही दिसत नव्हतं. रोज सकाळी पानं मोजायची, फोडाची पानं खुडायची. औषधाच्या दुकानातून चारशे वीस रुपयांचं कीटकनाशक आणून दोनदा फवारलं. फोड तसेच. शेवटी कृषी शिकलेल्या भाच्यानं एक फोड सुईनं चिरून दाखवला, आत पोकळ. तो म्हणाला, मावशी, हा कोळी आहे, जाळं विणणारा नव्हे, पानातला बारीक, भिंगातूनही जेमतेम दिसतो. कोळी म्हणजे कीटक नव्हे, या औषधानं तो कसा मरेल? आणि करंजाचं त्यानं फारसं बिघडत नाही. दुकानदारानं हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तेव्हा करंजाला नावं ठेवली होती, ती इथं परत घेते. दोन्ही झाडांवर आजही फोड आहेत, मी बघत नाही.

माठाबद्दलही मत बदललं. पहिलं वर्ष उत्तम. पण बोअरचं पाणी जड. वर्षानं माठ उकरला तर बाहेरून पांढरा थर धरलेला, छिद्रं बुजलेली. पाणी आतच राहायचं, आणि मला वाटायचं झाडाला ओल पुरतेय. माठ वापरणार असाल तर गोडं पाणी घाला, नाहीतर तो दरवर्षी बदला.

आता त्या रात्रीचं. आडवं झाड उचलायला गेलो तर ते दोघांना सहज उचललं. दोन वर्षांचं झाड, आणि जमिनीत धरून ठेवणारं असं काहीच नाही. माती झटकली. अंगठ्याएवढं सोटमूळ खाली जायच्या ऐवजी स्वतःभोवती तीन वेढे घालून बसलेलं, थेट पिशवीच्या तळाच्या आकारात. आणि त्या वेढ्यांच्या आत, मुळानं आवळून धरलेला, काळ्या प्लास्टिकचा तुकडा. म्हणजे छोट्या पिशवीतलं रोप न काढता तसंच मोठ्या पिशवीत बसवलेलं. वरची पिशवी मी फाडली होती. आत दुसरी आहे हे मला कसं कळणार?

ते मूळ घेऊन मी नर्सरीत गेले. मालक म्हणाले, वादळात बाभळी पडल्या, तुमचं काय घेऊन बसलात. मग म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. मग म्हणाले, दुसरं अर्ध्या किमतीत न्या. मी तिथलीच एक उंच पिशवी उलटी केली. तळातून मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरलेली. अर्ध्या किमतीतही नको म्हटलं आणि परत आले. पैसे मिळाले नाहीत. दोन हजार वीस रुपये गेले. त्यातली जाळी तर उगाचच, कारण आमच्या शेळ्या करंजाला तोंड लावत नाहीत. गोठ्यामागच्याला बाभळीच्या चार काट्या पुरल्या.

आणि ते गोठ्यामागचं झाड त्याच रात्रीत हललंसुद्धा नाही. पहिलं वर्षभर ते वीतभरच होतं. वर वाढत नव्हतं, कारण खाली जात होतं, हे मला आता कळतंय. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उसळलं. आज माझ्या डोक्यावर हातभर आहे. सावली अजून खाटेची नाही, पाटाची आहे, पण दुपारी दोन वाजता त्या पाटावर बसून शेंगा सोलता येतात.

रोपच घ्यायचं असेल तर दीड फुटाच्या वरचं घेऊ नका. पिशवी उचलून तळ बघा. लावताना प्लास्टिक पूर्ण काढा, मातीत बोटं घालून आत दुसरी पिशवी आहे का चाचपा, वेढा घेतलेली मुळं कात्रीनं कापा. पाणी रोज शिंपडू नका, आठ दिवसांनी पण पोटभर द्या.

दारच्या रिकाम्या खड्ड्यात जूनमध्ये पुन्हा चार बिया टोचल्या, तीन उगवल्या. त्यातलं सरळ एक ठेवून बाकीची काढायची आहेत. आप्पा अजून हात लावू देत नाहीत.