बोहरी आळी: भिंतीची ओल, गॅलरीतील कुंड्या आणि दुकानदारांचा सल्ला

पुण्यातील रविवार पेठेतली बोहरी आळी हार्डवेअर आणि हत्यारांची बाजारपेठ म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे स्वस्त काय मिळते याविषयी पुष्कळ बोलले जाते; परंतु घरातील दुरुस्ती आणि गॅलरीतील बाग स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्या माणसाला तेथे सल्ला कसा मिळतो, हा माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. फेब्रुवारी ते मे या काळात एकाच कामासाठी मी तेथे चार फेऱ्या मारल्या आणि त्या अनुभवावरूनच हे लिहीत आहे.

आमच्या दिवाणखान्याची एक भिंत जमिनीपासून दीड फुटापर्यंत ओली झाली होती. पुट्टीचे पोपडे सुटले होते आणि त्याखाली पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसत होता. घराजवळच्या एका दुकानाने काहीही न विचारता ओल रोखणारा रंग दिला आणि तो मी लावलाही. महिन्याभरात त्या रंगाला फुगे आले, कारण भिंतीतले पाणी भिंतीतच राहिले होते आणि बाहेर पडण्याची वाट तेवढी मी बंद केली होती.

बोहरी आळीतील पहिल्या दोन दुकानांत मला पुन्हा तशाच रंगाचे डबे दाखवण्यात आले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तिसऱ्या दुकानातील वयस्कर काकांनी मात्र फोनवरील छायाचित्र पाहून पहिला प्रश्न केला, ‘‘ताई, या भिंतीच्या पलीकडे काय आहे?’’ पलीकडे गॅलरी आहे आणि तेथे चौदा कुंड्या थेट फरशीवर ठेवलेल्या आहेत, असे मी सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘फेब्रुवारीत पाऊस नाही, मग पाणी तुम्हीच घालताय. आज काही घेऊ नका. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, तारीख लिहा, कुंड्या आठ-दहा दिवस गच्चीवर ठेवा आणि मग या.’’ त्या दिवशी त्यांनी मला एक रुपयाचीही वस्तू विकली नाही. कुंड्या हलवल्यावर ओल रेघेच्या आत सरकू लागली आणि निदान पक्के झाले.

दुसऱ्या फेरीत त्यांनी दिलेला सल्ला मी येथे सविस्तर देते, कारण पुष्कळ घरांत हेच दुखणे असते. फरशीच्या सांध्यांत भरलेले साधे सिमेंट काही वर्षांनी झिजते आणि त्यातून पाणी खाली झिरपते. म्हणून ते खरवडून काढावे, सांधे किमान दोन दिवस पूर्ण कोरडे होऊ द्यावेत आणि मग इपॉक्सी ग्राउट, म्हणजे दोन घटक मिसळून करायची कडक भरणी, भरावे. हे ग्राउट दिलेल्या प्रमाणातच मिसळावे लागते, एका वेळी थोडेच कालवावे लागते आणि फरशीवर सांडलेले लगेच पुसावे लागते, कारण ते एकदा घट्ट झाले की पुसून निघत नाही. फरशी आणि भिंत जेथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नये. तेथे दोन पृष्ठभाग उन्हाने आणि भाराने किंचित हलत राहतात, त्यामुळे कडक भरणीला पुन्हा चीर पडते. तेथे लवचीक सीलंटच हवे. हा भेद मला आधीच्या एकाही विक्रेत्याने सांगितला नव्हता. एवढे करूनही ओल थांबली नाही तर फरशी उचलून खालचे वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागेल आणि ते काम गवंड्याकडेच द्यावे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

आतल्या भिंतीबाबत त्यांनी घाई करू दिली नाही. लोणा पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात, म्हणून तो कोरड्या ब्रशनेच झाडावा आणि गिलावा नीट वाळेपर्यंत काही आठवडे भिंत उघडीच ठेवावी, असे त्यांचे म्हणणे होते. पाहुण्यांसमोर ती भिंत उघडी ठेवणे मला जड गेले, पण तेच योग्य होते.

कुंड्यांना घातलेले जास्तीचे पाणी हे मूळ कारण असल्याने ठिबक संच बसवणे ओघाने आलेच. मी ऑनलाइन मागवलेल्या संचातील ड्रिपर, म्हणजे कुंडीत थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, बादलीतील पाण्यावर चालत नव्हते. आळीतील पाइप आणि फिटिंगच्या एका दुकानात त्याचा उलगडा झाला. ते दाब नियंत्रित करणारे ड्रिपर होते आणि एक मीटर उंचीवरील बादलीतून जेमतेम ०.१ बार दाब मिळतो, तेवढ्यावर ते उघडतच नाहीत. त्या दुकानाने साधे, फिरवून प्रवाह कमी-जास्त करता येणारे ड्रिपर मोजून चौदाच दिले, १६ मिलिमीटरची नळी मीटरवर कापून दिली आणि बोअरचे पाणी असल्याने गाळणी घ्यायला लावली. नळीचे टोक गरम पाण्यात बुडवले की जोडणीवर सहज चढते, ही युक्तीही तेथेच कळली. कुंड्या आता लोखंडी स्टँडवर आहेत आणि त्यांच्याखालची फरशी दिवसभर कोरडी असते.

उणिवा आहेत आणि त्या लहान नाहीत. गल्ल्या अरुंद आहेत, हातगाड्या आणि टेम्पो यांतून वाट काढावी लागते आणि संध्याकाळच्या गर्दीत कोणीही सल्ला देण्याच्या मनःस्थितीत नसतो. सल्ल्याचा दर्जा दुकानागणिक बदलतो. एका ठिकाणी प्रश्न मी विचारत असताना उत्तरे माझ्या यजमानांकडे पाहून दिली जात होती. काम करणारी मी आहे असे मला दोनदा सांगावे लागले, आणि एकविसाव्या शतकात ही वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते. उघडलेले सीलंट किंवा कापलेली नळी परत घेतली जात नाही, त्यामुळे मापे घरूनच लिहून न्यावीत आणि पक्के बिल मागून घ्यावे.

दुचाकी लावण्याचा खटाटोप टाळण्यासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत जाणे उत्तम. सकाळी दुकाने उघडल्या उघडल्या जावे, तुटलेला किंवा झिजलेला भाग सोबत न्यावा, दुखणाऱ्या जागेची जवळून आणि लांबून अशी दोन्ही छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि ‘अमुक वस्तू द्या’ असे म्हणण्याऐवजी घरात काय होत आहे ते आधी सांगावे. विजेच्या सामानासाठी जवळचीच तपकीर गल्ली आणि लाकडासाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केट अधिक सोयीचे आहे.